कॉम्प्युटर गावात, डेटा दुसरीकडे : 'व्हर्च्युअल डेस्कटॉप' ऑफिसातल्या जुन्या डब्यापेक्षा सुरक्षित आहे का?

गावच्या विकास सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत गेलं की एका कोपऱ्यात कॉम्प्युटर दिसतो. टेबलाखाली काळा डबा, त्यावर धूळ, मागे वायरींचा गुंता आणि बॅटरी बसलेला यूपीएस. या डब्यात काय आहे याचा विचार सहसा कुणी करत नाही. सभासदांचे भागभांडवल, पीक कर्जाच्या नोंदी, घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी, ठराव, स्कॅन केलेली आधार कार्डं, बँक खात्यांचे नंबर. म्हणजे जवळजवळ अख्खं गाव त्या डब्यात बसलेलं असतं आणि त्याच्या खोलीला शंभर-दोनशे रुपयांचं कुलूप असतं.

आता सोसायट्या, पतसंस्था, दूध संघ, कारखान्यांची गट कार्यालयं अशा ठिकाणी सॉफ्टवेअर विकणारे लोक नवीन शब्द घेऊन येतात, 'व्हर्च्युअल डेस्कटॉप'. "हा डबा काढून टाका, सगळं क्लाउडवर घ्या, व्हायरसची कटकट कायमची मिटली," असं सांगितलं जातं. संचालक मंडळातले लोक एकमेकांकडे बघतात. समजलं नाही असं म्हणायला कुणी तयार नसतं, आणि ठराव मंजूर होतो.

विकणाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते ठराव करण्याआधी कळलेलं बरं, कारण नोंदी सभासदांच्या आहेत आणि गोंधळ झाला तर नो ड्यूजचा दाखला शेतकऱ्याचाच अडतो.

हे नेमकं असतं काय?

टीव्हीवर मालिका दिसते, पण मालिका टीव्हीच्या आत नसते. ती दुसरीकडून येते, टीव्ही फक्त दाखवतो. व्हर्च्युअल डेस्कटॉपचं तसंच आहे. खरा कॉम्प्युटर, म्हणजे विंडोज, हिशोबाचं सॉफ्टवेअर, फाइली, फोल्डर हे सगळं दूर कुठेतरी डेटा सेंटरमधल्या मोठ्या सर्व्हरवर चालतं. गावातल्या स्क्रीनवर त्याचं फक्त चित्र येतं. इथे माऊस हलवला किंवा बटण दाबलं की तेवढा निरोप तिकडे जातो आणि बदललेलं चित्र परत येतं. एका मोठ्या सर्व्हरवर असे पन्नास-शंभर कॉम्प्युटर एकाच वेळी चालू शकतात. प्रत्येकाला वाटतं, आपला कॉम्प्युटर वेगळा आहे.

गावात मग मोठा डबा लागत नाही. सेट टॉप बॉक्सएवढी छोटी पेटी पुरते. तिला 'थिन क्लायंट' म्हणतात. बहुतेक पेट्यांमध्ये आपला डेटा साठवायला जागाच नसते.

लॉकडाऊनच्या काळात २०२० साली पुण्या-मुंबईची कंपन्यांतली पोरं गावी आली आणि ओसरीवर लॅपटॉप मांडून बसली. त्यातली बरीच जण असंच काम करत होती. लॅपटॉप घरात, पण कंपनीची फाइल कंपनीच्याच सर्व्हरवर. फाइल लॅपटॉपवर उतरवायला गेलं तर 'परवानगी नाही' म्हणून येत होतं. तेव्हा घरच्यांना ते विचित्र वाटलं होतं, कारण लॅपटॉप तर समोरच होता.

दोन गोष्टींशी याची गल्लत होते. पहिली म्हणजे पोर्टल. सातबारा काढायचा किंवा ई-ग्रामस्वराजवर नोंद करायची तर आपण ब्राउझरमध्ये एक वेबसाइट उघडतो. तिथेही डेटा दूर असतो, पण दूर फक्त तेवढं एक काम असतं, बाकी सगळा कॉम्प्युटर आपल्याच टेबलाखाली राहतो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची योजना. त्यातलं सॉफ्टवेअर या क्लाउड पद्धतीचं आहे. त्यामुळे 'आमचं तर सगळं क्लाउडवर आहे' असं सोसायटीत ऐकू येतं, ते कर्जाच्या नोंदीपुरतं खरं असतं. पण पत्रव्यवहार, एक्सेलच्या याद्या, स्कॅन केलेली कागदपत्रं अजून डब्यातच पडलेली असतात.

दुसरी गल्लत एनीडेस्कसारख्या ॲपशी. त्यात कॉम्प्युटर आपलाच असतो, फक्त दुसरा माणूस दुरून तो चालवतो. सॉफ्टवेअरवाला 'जरा आयडी सांगा' म्हणतो ते हेच. याच ॲपचा वापर करून लोकांच्या खात्यातून पैसे काढले जातात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. काही ऑफिसांत हे ॲप कायम चालू ठेवून पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्याकडे देऊन ठेवलेला असतो, म्हणजे रात्री-अपरात्री तो केव्हाही आत येऊ शकतो. ही सोय आधी बंद करावी. त्यासाठी कसला व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत घ्यायची गरज नाही.

जुन्या डब्याचं दुखणं

टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा पहिला शत्रू हॅकर नसतो. पहिला शत्रू आपल्याकडची लाइट. व्होल्टेज कमी-जास्त होतं, पहिल्या पावसात वीज कडाडते, आणि हार्ड डिस्क जाते. मग तालुक्याच्या दुकानात नेली की तो 'डेटा निघेल की नाही सांगता येत नाही' म्हणतो आणि काही हजार रुपये सांगतो. दुसरा शत्रू चोर. त्याला डेटाशी देणंघेणं नसतं, तो डबा म्हणून उचलतो, पण नोंदी त्याच्याबरोबर जातात.

बॅकअप आहे का विचारलं तर 'आहे' असं उत्तर येतं. कुठे आहे, तर त्याच टेबलाच्या खणात, पेन ड्राइव्हमध्ये. खोलीला आग लागली किंवा पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जाणार.

मग येतो पेन ड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानातून ऑफिसात, ऑफिसातून पंचायत समितीत, तिथून परत. भावकीतल्या लग्नाची पत्रिका छापायला दिलेला पेन ड्राइव्ह सुद्धा हाच. व्हायरसला एवढी चांगली एसटी दुसरी नाही.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे दुरुस्त्या, ज्याला अपडेट म्हणतात. विंडोजमध्ये एखादं भोक सापडलं की कंपनी ते बुजवणारी दुरुस्ती पाठवते. ती घेतली नाही तर भोक उघडंच राहतं. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले आणि उघडण्यासाठी पैसे मागितले. गंमत म्हणजे ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी घेतली ते वाचले.

गावात अपडेट कोण घेतं? नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललेलं, अपडेट सुरू झालं की डेटा पॅक संपतो, म्हणून ऑपरेटर ते बंद करून ठेवतो. काही ठिकाणी विंडोजच चोरीची, दुकानदाराने फुकट टाकून दिलेली. विंडोज ७ ची मदत कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली आणि विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तरी ही मशीनं चालू आहेत, कारण ती चालतात. चालतंय तोवर नवीन घ्यायचं नाही हा आपला नियम ट्रॅक्टरला ठीक आहे. कॉम्प्युटरला तो महागात पडतो.

नवीन पद्धतीत फायदा कुठे आहे

हे सगळं समोर ठेवलं की व्हर्च्युअल डेस्कटॉपची बाजू पटते. धान्य घरच्या कणगीत ठेवायचं की वखारीत टाकून पावती घरी आणायची, असा हा फरक आहे. घराला आग लागली तर पावती जळेल, धान्य नाही. गावातली पेटी चोरीला गेली, तिच्यावर वीज पडली, तरी सोसायटीच्या नोंदी जागेवर राहतात. दुसरी पेटी लावली, लॉगिन केलं, काम सुरू. मार्चअखेरीला तर याची किंमत कळतेच.

अपडेटचा प्रश्नही सुटतो. सर्व्हरवर सगळ्या कॉम्प्युटरांचा एक मूळ नमुना तयार ठेवलेला असतो. त्याच नमुन्यावरून प्रत्येकाचा कॉम्प्युटर तयार होतो. नमुन्यात एकदा दुरुस्ती केली की तालुक्यातल्या सगळ्या सोसायट्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त. कुणाच्या हॉटस्पॉटची वाट बघावी लागत नाही. काही ठिकाणी तर अशी व्यवस्था असते की संध्याकाळी लॉगआउट केलं की तो कॉम्प्युटर पुसून टाकला जातो आणि सकाळी मूळ नमुन्यावरून कोरा करकरीत परत मिळतो. फाइली वेगळ्या जागी ठेवलेल्या असतात, त्या शाबूत राहतात. दिवसभरात चुकून काही घाण आत आली असेल तर त्यातली बरीचशी रात्रीच निघून जाते. जुन्या डब्यात तीच घाण वर्षानुवर्षं मुक्कामाला असते.

पेन ड्राइव्ह चालू ठेवायचा की बंद, फाइल खाली उतरवू द्यायची की नाही, हे सगळं एका ठिकाणाहून ठरवता येतं. कोण किती वाजता आत आलं, कोणती फाइल उघडली याची नोंद राहते. आणि गटसचिवाची बदली झाली, ऑपरेटरने नोकरी सोडली, तर त्याचं खातं एका मिनिटात बंद करता येतं. जुन्या पद्धतीत माणूस जातो, पासवर्ड मात्र तोच राहतो. सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, हा पासवर्ड अर्ध्या गावाला माहीत असतो.

पण टाकी एकच आहे

घरोघरी आड होते तेव्हा एका आडात काही पडलं तर एक घर आजारी पडायचं. आता गावाला एक टाकी आहे. टीसीएल वेळेवर पडलं तर सगळं गाव सुखी, पण टाकीतच घाण गेली तर सगळं गाव दवाखान्यात. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये धोका कमी होतो हे खरं, पण जो उरतो तो एका जागी गोळा होतो. विकणारा हे सांगत नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे एमआयडीसीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. मुख्यालयातले सर्व्हर तर बाधित झालेच, पण क्लाउड कंपनीकडे ठेवलेले सर्व्हरही त्यात सापडले, आणि वेगवेगळ्या कार्यालयांतले काही साधे कॉम्प्युटरही. क्लाउडवर आहे म्हणून हात लागणार नाही, असं काही नसतं.

३१ जुलै २०२४ चा प्रकार तर खेड्यातल्या लोकांनी प्रत्यक्ष अनुभवलेला आहे, फक्त कारण माहीत नव्हतं. देशातल्या लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने या कंपनीला तात्पुरतं तोडून टाकलं, आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि इतर व्यवहार थांबले. त्यातल्या बँकांचा दोष नव्हता. टाकी बंद केली म्हणून नळ बंद पडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत होऊ लागली.

ज्या सॉफ्टवेअरवर हे अनेक कॉम्प्युटर एका सर्व्हरवर चालतात, त्यालाही भोकं असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातल्या व्हीएमवेअर कंपनीच्या अशा हजारो सर्व्हरवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी वापरलेलं भोक बुजवणारी दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेली होती. म्हणजे आपला ऑपरेटर हॉटस्पॉटवर अपडेट टाळतो आणि मोठ्या डेटा सेंटरमधला इंजिनिअरही टाळतोच. फरक एवढाच की त्याने टाळलं तर एका सर्व्हरवरचे शंभर कॉम्प्युटर एकदम जातात.

सगळ्यात बोलकं प्रकरण मात्र अमेरिकेतलं आहे. तिथे दवाखाने आणि विमा कंपन्या यांच्यातली बिलं हाताळणारी चेंज हेल्थकेअर नावाची मोठी कंपनी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्लेखोर तिच्यात शिरले ते दूरवरून डेस्कटॉप वापरण्यासाठी ठेवलेल्या दारातून. त्यांनी काही तोडलं-फोडलं नाही. चोरलेलं युजरनेम आणि पासवर्ड टाकला आणि सरळ आत गेले, कारण त्या दाराला पासवर्डशिवाय दुसरी तपासणी नव्हती. ओटीपीसारखी साधी गोष्ट तिथे लावलेली नव्हती. कंपनीच्या मालक कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेपुढे हे कबूल केलं. दोन कोटी वीस लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८० कोटी रुपये खंडणी दिली गेली. तरी दुसरी टोळी पुन्हा पैशाला उठलीच. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती यात सापडली.

या प्रकरणातून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जुन्या डब्यातला डेटा चोरायला चोराला गावात यावं लागतं, किंवा निदान त्या डब्यात व्हायरस घुसवावा लागतो. व्हर्च्युअल डेस्कटॉपचं दार मात्र जगात कुठूनही ठोठावता येतं. तिथे कुलूप म्हणजे फक्त लॉगिन. म्हणून ओटीपीशिवायचा व्हर्च्युअल डेस्कटॉप जुन्या डब्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे, यात शंका ठेवायचं कारण नाही.

स्वस्तातला माल

इथे आणखी एक भानगड आहे. खरी व्यवस्था महाग असते. म्हणून काही जण एक भाड्याचा विंडोज सर्व्हर घेतात, त्यावर हिशोबाचं सॉफ्टवेअर टाकतात, विंडोजमध्येच असलेली दूरवरून जोडण्याची सोय, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, इंटरनेटवर सताड उघडी ठेवतात, आणि पाच-दहा संस्थांना लॉगिन वाटतात. नाव तेच, व्हर्च्युअल डेस्कटॉप. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात आणि ते एकामागून एक पासवर्ड घालून बघतात. मघाशी सांगितलेला एक-दोन-तीनवाला पासवर्ड असेल तर काही मिनिटांचं काम. त्यात एका संस्थेचं फोल्डर दुसऱ्या संस्थेला दिसत असेल तर मग विचारायलाच नको.

ओळखायचं कसं? लॉगिन करताना फक्त नाव आणि पासवर्ड विचारला, ओटीपी किंवा दुसरी कोणतीही खात्री केली नाही, तर तो माल स्वस्तातला समजावा, बिल कितीही मोठं असलं तरी.

कशानेच न सुटणारे प्रश्न

ग्रामपंचायतीचा पैसा ई-ग्रामस्वराजमधून निघतो तो दोन डिजिटल सह्यांनी. एक सरपंचाची, एक ग्रामसेवकाची, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सही म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं टोकन आणि त्याचा पिन. दोन माणसांनी एकमेकांवर लक्ष ठेवावं म्हणून दोन सह्या. आता ही दोन्ही टोकनं ऑपरेटरच्या एकाच खणात आणि दोन्ही पिन वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले असतील, तर कॉम्प्युटर जुना असो की व्हर्च्युअल, काडीचा फरक पडत नाही. सही झाली की सिस्टिमच्या दृष्टीने ती सरपंचांनीच केली. पुढे चौकशीत 'मला माहीत नव्हतं' याला अर्थ उरत नाही. विशेषतः महिला सरपंचांचं टोकन घरातले दुसरेच कुणी सांभाळत असतील तर त्यांनी ते आजच आपल्या ताब्यात घ्यावं.

व्हर्च्युअल डेस्कटॉपवर हे टोकन चालवायचं तर यूएसबीची वाट थोडी उघडावी लागते. थंब मशीन आणि प्रिंटरचंही तेच. ही वाट फक्त टोकनपुरती उघडली आहे की पेन ड्राइव्हलाही, हे विचारून घ्यायला हवं. बऱ्याचदा काम अडतं म्हणून सगळंच उघडलं जातं आणि मग पेन ड्राइव्हबंदीचा फायदा हातचा जातो.

आणि पेटीऐवजी जुन्याच कॉम्प्युटरवरून व्हर्च्युअल डेस्कटॉप चालवला, जे पैसे वाचवायला बरेच जण करतात, तर त्या जुन्या मशीनवर बसलेला व्हायरस दाबलेली बटणं टिपू शकतो. पासवर्ड तिथेच चोरीला जातो. स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढणाऱ्याला तर कुठलंच सॉफ्टवेअर पूर्ण अडवू शकत नाही.

नेटचा विषय निराळाच. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं की चार-चार दिवस जोडत नाहीत. त्या दिवसांत जुना डबा निदान सुरू तरी होतो, छोटी पेटी मात्र नुसती लुकलुकत बसते. हा चोरीचा धोका नाही, पण काम बंद पडणं हेही नुकसानच आहे. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट आणि चालणारा इन्व्हर्टर नसेल तिथे घाई करू नये.

सभेत काय विचारायचं

सोसायटीची वार्षिक सभा असो की ग्रामसभा, सभासदाला प्रश्न विचारायचा अधिकार आहे. तांत्रिक भाषा येत नाही म्हणून गप्प बसू नये. डेटा कुठल्या डेटा सेंटरमध्ये आहे, देशात आहे ना, हे विचारावं. करारात डेटा संस्थेचा आहे असं लिहिलंय का, की कंपनीचा? कंपनीचं बिल थकलं किंवा कंपनी बदलायची ठरली तर आपल्या नोंदी किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळणार? इथे बरेच करार गप्प असतात, आणि संस्था मग एकाच कंपनीच्या दावणीला बांधली जाते.

बॅकअपबद्दल विचारताना 'आहे का' असं विचारूच नये, 'आहे' हेच उत्तर येणार. शेवटचा बॅकअप परत उघडून कधी पाहिला, हे विचारावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर असेच कुलूपबंद झाले. सुमारे दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. जाळ्याचे वेगवेगळे कप्पे नीट केलेले नव्हते म्हणून हल्लेखोर आत शिरले, असं सरकारने संसदेत सांगितलं. तरी ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर बाधित झाला नव्हता. व्हायरसचा हात पोचणार नाही असा एक बॅकअप, एवढ्यावर सगळं निभावलं. सोसायटीनेही दर महिन्याच्या शेवटी थकबाकीची आणि भागांची यादी छापून सही-शिक्क्यानिशी कपाटात ठेवावी. कागद हॅक होत नाही.

एवढं सगळं नीट असेल, म्हणजे ओटीपी, तपासलेला बॅकअप, स्वच्छ करार आणि टिकणारं नेट, तर व्हर्च्युअल डेस्कटॉप घ्यावा. विजेच्या लपंडावात आणि पेन ड्राइव्हच्या गर्दीत जुन्या डब्यापेक्षा तो नक्की बरा. नसेल तर तेच पैसे आधी चांगल्या यूपीएसवर, खऱ्या विंडोजवर आणि घरी नेऊन ठेवायच्या एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालवावेत.

काही विपरीत घडलंच, स्क्रीनवर पैसे मागणारी नोट आली, फाइलींची नावं बदललेली दिसली, तर आधी नेटची वायर काढावी. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला दुकानात पळवू नये, पुरावा त्यातच असतो. स्क्रीनचा फोटो घ्यावा. खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर सहा तासांच्या आत त्यांना द्यायची असते. ती कोण देणार, संस्था की सॉफ्टवेअर कंपनी, हेही करारात आधीच लिहून घ्यावं.

राहिला प्रश्न टेबलाखालून निघालेल्या जुन्या डब्याचा. नवीन व्यवस्था आली की तो भंगारवाल्याला किलोवर जातो, किंवा कुणाच्या तरी पोराला गेम खेळायला. आतली हार्ड डिस्क तशीच. डिलीट केलेलं, अगदी साधं फॉरमॅट केलेलं सुद्धा परत काढता येतं, आणि त्यात अख्ख्या गावाची आधार कार्डं असतात. डबा देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्यावी, जुन्या नोंदी नवीन जागी नीट पोचल्याची खात्री करावी, मग वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ड्रिलने तिला दोन-तीन भोकं पाडावीत आणि जडसंग्रह नोंदवहीत तशी तारीखवार नोंद घेऊन दोन संचालकांच्या सह्या घ्याव्यात.